तान्हेपणी खुब्यात पू झाला, आता पाय 6 सेंटीमीटर आखूड: आधी लांबी की आधी आधार?

आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी 13 वर्षांची, आठवीत. जन्मल्यावर काही दिवस काचपेटीत होती. तीन आठवड्यांची असताना डाव्या खुब्यात पू झाला, निदान व्हायला आठवडा गेला, मग शस्त्रक्रिया करून पू काढला. आज डावा पाय 6 सेंटीमीटर आखूड आहे. चालताना प्रत्येक पावलाला ती डावीकडे झुकते आणि संध्याकाळी कंबर धरते. एक डॉक्टर म्हणतात, रिंग (पायाबाहेर बसवायची चौकट) लावून पाय लांब करू. दुसरे म्हणतात, काही करू नका, पंचविशीत सांधा बदलू. कोणाचं ऐकायचं? आणि बाळाला मालिश करणाऱ्या बाईंनी पाय ओढला म्हणून हे झालं, असं घरातले म्हणतात, ते खरं आहे का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो तुम्ही 13 वर्षं मनात धरून आहात असं दिसतं. नाही, मालिशमुळे खुब्यात पू होत नाही. जंतू रक्तातून येतात. काचपेटीतल्या बाळाला सलाइनच्या सुया असतात, कधी नाळेतून नळी असते, कधी जांघेतून रक्त घ्यावं लागतं. त्या वाटेने जंतू शिरू शकतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस नावाचे. दीड वर्षाच्या आतल्या बाळाच्या हाडात वाढीच्या पट्टीला (जिथून हाड लांबीला वाढतं) भेदून पलीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे हाडातला जंतुसंसर्ग थेट मांडीच्या हाडाच्या डोक्यापर्यंत पोहोचतो. शिवाय खुब्यात हाडाची मानही सांध्याच्या पिशवीच्या आतच असते. तिथे पू फुटला की तो सांध्यात उतरतो. मग पिशवी ताणते, डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या दाबल्या जातात आणि पुवातली विकरं कूर्चा विरघळवायला लागतात. तान्ह्या बाळात हाडाचं हे डोकं तर जवळजवळ सगळं कूर्चेचंच असतं, ते काही दिवसांत नाहीसं होऊ शकतं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या टॉमस स्मिथ या शल्यविशारदाने 1874 मध्ये तान्ह्या मुलांमधला हा आजार वर्णन केला. आजही काही जुने डॉक्टर त्याला टॉम स्मिथ आर्थ्रायटिस म्हणतात.

मालिशने नुकसान होतं ते वेगळ्या तऱ्हेने. बाळ एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं, मांडी बाहेर टाकून पाय वाकवून पडून राहतं, आणि घरचे 'मुरगळला असेल' म्हणून तेल चोळत बसतात. त्यात जे दोन-चार दिवस जातात ते महाग पडतात. या वयात ताप असेलच असं नाही, बाळ नुसतं दूध कमी पितं. घरात किंवा शेजारी तान्हं बाळ असं एक पाय जपू लागलं तर त्याच दिवशी सोनोग्राफी झाली पाहिजे. सांध्यात द्रव दिसला तर सुईने काढून तपासला पाहिजे, आणि पू असेल तर त्याच दिवशी सांधा उघडून धुतला पाहिजे. हे दुसऱ्या दिवसावर ढकलायचं काम नाही. तुमच्या मुलीचा आठवडा गेला, पण त्यात तुमचा दोष नाही. या वयातली लक्षणं अनुभवी डॉक्टरांनाही चकवतात.

आता मुलीच्या खुब्याकडे येऊ.

तुम्ही विचारताय ते 6 सेंटीमीटरचं. माझ्या दृष्टीने तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की खुब्यात शिल्लक काय आहे. पू होऊन गेलेले सगळे खुबे सारखे नसतात. कोरियातले इन हो चोई यांनी 1990 मध्ये या खुब्यांची जी वर्गवारी मांडली ती आम्ही अजून वापरतो. काहींचं डोकं जवळपास चांगलं राहतं. काहींचं चपटं होतं आणि मान आखूड राहते. काहींची मानच जुळत नाही, तिथे खोटा सांधा तयार होतो. आणि काहींचं डोकं, मान दोन्ही गेलेलं असतं. पहिल्या तीन गटांत डोकं वाचवायच्या शस्त्रक्रिया होतात: मानेचा कोन बदलणं, न जुळलेल्या मानेत हाड भरणं, डोकं ज्यात बसतं त्या वाटीवर छप्पर वाढवणं, वर चढलेला मांडीचा उंचवटा खाली आणणं. त्या लहान वयात केल्या तर फायदा जास्त. तुमच्या वर्णनावरून मुलगी शेवटच्या गटात असावी, पण हे एक्स-रे पाहूनच ठरेल.

डोकं नसलं की चालताना काय होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एका पायावर उभं राहताना कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यापर्यंत जाणारे स्नायू कंबर सरळ धरतात. त्यांना जोर लावायला टेकण लागतं, आणि ते टेकण म्हणजे वाटीत बसलेलं डोकं. डोकंच नाही तर मांडीचं हाड वजन पडताच वर सरकतं, स्नायू सैल पडतात आणि कंबर दुसऱ्या बाजूला खाली जाते. तोल सावरायला मुलगी सगळं धड डाव्या पायावर टाकते. तुम्हाला दिसतं ते झुकणं हेच. दिवसभर असं धड हलवत चालायचं, त्यात पाय आखूड म्हणून कंबर तिरकी आणि मांडी पूर्ण सरळ होत नाही म्हणून पाठीला खोल बाक. संध्याकाळी कंबर दुखणार नाही तर काय?

म्हणून नुसता पाय लांब करणं हे या मुलीसाठी चुकीचं उत्तर आहे, असं मी स्पष्ट सांगतो. टेकण नसलेल्या खुब्याखाली हाड लांब करायला घेतलं तर ताणलेले स्नायू मांडीचं हाड आणखी वर ओढतात. मिळवलेली लांबी थोडीफार खुब्यातच हरवते आणि झुकणं जसंच्या तसं राहतं. टेपवर पाय सारखे येतात, पण मुलगी तशीच झुकत चालते, आणि मग घरच्यांना वाटतं की फसवणूक झाली.

या गटासाठी जी शस्त्रक्रिया आम्ही करतो तिला कंबरेला आधार देणारी शस्त्रक्रिया म्हणता येईल. डॉक्टर तिला पेल्व्हिक सपोर्ट ऑस्टिओटॉमी म्हणतात, किंवा इलिझारोव्ह या सोव्हिएत शल्यविशारदाच्या नावाने नुसतं इलिझारोव्ह हिप रिकन्स्ट्रक्शन. ती नवा सांधा देत नाही. कलत्या भिंतीला तिरका टेकू लावावा तसा मांडीच्या हाडाचा वरचा भाग तिरका करून कमरेच्या हाडाखाली लावला जातो. मांडीचं हाड वरच्या टोकाजवळ, साधारण आपण ज्या हाडावर बसतो त्याच्या पातळीवर कापतात. वरचा तुकडा पूर्ण आत वळलेल्या स्थितीत कमरेला टेकवतात आणि खालचा भाग बाहेर उघडतात. त्यामुळे उभं राहिल्यावर कंबर खाली जायला जागाच उरत नाही, आणि मांडीचा उंचवटा बाहेर आणि खाली गेल्याने सैल पडलेले स्नायू पुन्हा ताणावर येतात. कोन किती ठेवायचा हे अंदाजाने ठरत नाही. पाय जास्तीत जास्त आत घेऊन एक्स-रे काढतात, तो पाय जितके अंश आत येतो त्यात साधारण 15 अंश मिळवतात. एकूण कोन पुष्कळदा 45 ते 60 अंशांच्या घरात जातो. शिवाय मांडी पूर्ण सरळ होत नसेल तर त्याच कापात तेवढं हाड मागे वळवतात, म्हणजे पाठीचा बाक कमी होतो. कंबरदुखीला माझ्या अनुभवात याच गोष्टीने सर्वांत जास्त आराम पडतो.

ही कल्पना इलिझारोव्हच्याही आधीची आहे. व्हिएन्नाचे लॉरेंझ आणि ड्रेस्डेनचे शांझ यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच मांडीचं हाड कापून कमरेला आधार द्यायला सुरुवात केली होती. अडचण अशी व्हायची की वर एवढा कोन दिला की गुडघा बाहेर फेकला जायचा, आणि पाय आखूडच राहायचा. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गावरील इलिझारोव्ह यांनी 1951 च्या सुमारास तारा आणि रिंगांची चौकट बनवली. हळूहळू ओढलं तर हाडाच्या दोन टोकांमध्ये नवं हाड तयार होतं हे त्यांनी दाखवून दिलं. टोकियो ऑलिंपिकमधला उंच उडीचा सुवर्णपदक विजेता व्हालेरी ब्रुमेल मोटरसायकल अपघातानंतर त्यांच्याकडे बरा झाला, तेव्हा सोव्हिएत देशात त्यांचं नाव झालं. 1980 मध्ये इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी कुर्गानला जाऊन आला, आणि मग पश्चिमेकडे दार उघडलं. खुब्याच्या बाबतीत इलिझारोव्ह यांनी केलं ते असं: त्याच मांडीच्या हाडात खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला, दुसरा काप दिला. त्या कापातून गुडघा पुन्हा सरळ रेषेत आणायचा आणि तिथेच लांबीही वाढवायची. एकाच चौकटीत आधार, रेषा आणि लांबी अशी तिन्ही कामं होतात. तुमचे पहिले डॉक्टर 'रिंग लावू' म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात हीच शस्त्रक्रिया असेल, किंवा नुसती लांबी असेल. हे त्यांना थेट विचारा: 'काप एक की दोन? वरचा काप खुब्यापाशी आहे का?'

वय हा दुसरा मुद्दा. सहा-सात वर्षांच्या मुलात ही शस्त्रक्रिया केली तर वाढतं हाड दिलेला कोन हळूहळू सरळ करून टाकतं आणि लांबीतला फरकही पुन्हा पडतो. मांडीच्या वरच्या टोकाची वाढीची पट्टी वर्षाला साधारण 4 मिलिमीटर हाड देते. ती तिसऱ्या आठवड्यात गेली, म्हणजे 13 वर्षांत 5 सेंटीमीटर गेले. हाड वर सरकल्यामुळे उरलेला एक. तुमचे 6 सेंटीमीटर असे जुळतात. मुलींची वाढ साधारण 14 व्या वर्षी संपत येते. पाळी सुरू होऊन वर्ष झालं असेल तर उरलेली वाढ थोडी आहे, पुढे फरक फार वाढणार नाही. म्हणजे वय योग्य आहे, घाई नाही, पण दहा वर्षं थांबण्याचंही कारण मला दिसत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मी उडवून लावत नाही. कृत्रिम सांध्याने चाल जितकी सुधारते तितकी दुसऱ्या कशाने सुधारत नाही. पण पंचविशीत बसवलेला सांधा आयुष्यभर पुरेल असं सांगता येत नाही. 2019 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या पाहणीत खुब्याचे सुमारे 58 टक्के कृत्रिम सांधे 25 वर्षं टिकले, आणि त्यात बहुसंख्य रुग्ण वयस्क होते, धावपळ कमी असलेले. तरुण बाईचा सांधा लवकर झिजतो, आणि दुसऱ्यांदा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. शिवाय अशा खुब्याची वाटी उथळ, हाडाची नळी अरुंद, आणि नसा आखूड लांबीला सरावलेल्या. एका दमात साधारण 4 सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली ओढलं तर पायाची मोठी नस दुखावण्याची भीती असते, म्हणून कित्येकदा हाड कापून आखूड करावं लागतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. आधाराची शस्त्रक्रिया केल्यावर मांडीचं हाड वाकडं झालेलं असतं. पुढे पस्तिशी-चाळिशीत सांधा बदलायची वेळ आलीच तर ते हाड आधी कापून सरळ करावं लागतं, काम मोठं होतं. होत नाही असं नाही. म्हणून मी विचारतो: पुढची पंधरा-वीस वर्षं, म्हणजे शाळा, कॉलेज, नोकरी, संसार, ही मुलगी कशी चालणार आहे? आज रोज दुखत असेल, झुकणं जास्त असेल, खुबा हलता असेल, तर मी आधाराच्या बाजूने आहे. मुलगी आरामात मैलभर चालते, दुखत नाही, फक्त लोक बघतात म्हणून करायचं असेल, तर तिला स्वतःला विचारून थांबायलाही माझी हरकत नाही. आणि खुबा आखडलेला असेल, हलतच नसेल, तर ही शस्त्रक्रिया तिच्यासाठी नाही. आखडलेल्या खुब्याला टेकू देऊन उपयोग होत नाही.

मांडी घालून बसता येईल का, उकिडवं बसता येईल का, हे सगळेच विचारतात. खुबा जोडून टाकण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेत ते कायमचं जायचं. इथे खुबा हलता राहतो, म्हणून बहुतेकांना खाली बसता येतं. पाय आत ओढण्याची हालचाल मात्र जाते, पायावर पाय टाकून बसणं अवघड होतं. पुढे लग्न आणि बाळंतपणाला या शस्त्रक्रियेने आडकाठी येत नाही. लहानपणापासून एका बाजूने भार पडल्याने कमरेच्या हाडाचा आकार थोडा तिरका असू शकतो, तेवढं बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधीच सांगावं.

शस्त्रक्रियेचं टेबल हा या उपचाराचा छोटा भाग आहे. खरं काम घरी होतं, आणि त्याची कल्पना आधी दिली नाही तर घर कोलमडतं. कापल्यावर पाच ते सात दिवस हाड तसंच ठेवतात. मग रोज 1 मिलिमीटर, पण एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर दिवसातून चार वेळा. नट फिरवायचं काम तुम्ही किंवा मुलगी स्वतः करणार. मला विचाराल तर मुलीलाच करू द्या, स्वतःच्या हाताने फिरवणाऱ्या मुली भीत नाहीत. 5 सेंटीमीटर वाढवायला दोन महिने जातात, पण नवं हाड पक्कं व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एका सेंटीमीटरमागे चौकट एक ते दीड महिना राहते असं धरा. म्हणजे पाच ते साडेसात महिने.

या काळात मला सगळ्यांत काळजी गुडघ्याची असते. मांडीचं हाड लांब होतं तसे स्नायू ताणतात आणि गुडघा वाकेनासा होतो, क्वचित मागे सरकतो. रोज दोन-तीन वेळा व्यायाम, रात्री गुडघा सरळ ठेवणारी पट्टी, आणि आठवड्याला फिजिओथेरपिस्टकडे मोजमाप. वाकणं 40 अंशांच्या खाली गेलं तर लांबी वाढवणं थांबवतात किंवा वेग कमी करतात, आणि ते थांबवणं शहाणपणाचं असतं. 6 पैकी 5 सेंटीमीटर मिळाले आणि गुडघा पूर्ण वाकतो, हा सौदा 6 सेंटीमीटर आणि ताठ गुडघ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला. उरलेला एक सेंटीमीटर बुटात जातो, कोणाला दिसतही नाही.

पिनांच्या तोंडाशी लालसरपणा, पाणी येणं हे जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी होतं. त्याने घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणाने रोज स्वच्छता, लागल्यास तोंडाने प्रतिजैविकं. पिन हलायला लागली, ताप आला किंवा पू वाहू लागला तर त्याच दिवशी दाखवायचं. घरात हळद, राख, जडीबुटीचा लेप लावायचा आग्रह होईल, तो होऊ देऊ नका. दुखण्यासाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या रोज देऊ नका, त्यांतल्या काही नव्या हाडाच्या वाढीला बाधक असतात.

बारीकसारीक गोष्टींची तयारी आधी करा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर मधोमध भोक असलेली कमोडची खुर्ची आणा. रिंगांवरून जाईल असा घेरदार परकर किंवा स्कर्ट शिवून घ्या, आतल्या कपड्यांना बाजूने नाड्या लावा. मोटरसायकलवर बसवून नेऊ नका. वॉकर घेऊन पायावर वजन टाकत चालायचं आहे, पलंगावर झोपून राहायचं नाही, कारण वजन पडल्यानेच हाड पक्कं होतं. आणि शाळा: आठवीची परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये शस्त्रक्रिया केली तर बहुधा नववीच्या मध्यावर, फार तर जानेवारीत चौकट निघते आणि दहावी मोकळी राहते. मुख्याध्यापकांशी आधी बोला, तळमजल्यावरचा वर्ग मागा.

चौकट निघाल्यावरचे पहिले काही आठवडे जपायचे असतात, कारण नवं हाड मोडण्याचा धोका तेव्हा असतो. निकालाबद्दल मी एवढं सांगेन: झुकणं बऱ्याच मुलींचं खूप कमी होतं, काहींचं थोडं उरतं, दमल्यावर पुन्हा जाणवतं. कंबरदुखी कमी होते. अगदी दुसऱ्या मुलींसारखी चाल होईल, असं वचन कोणी देत असेल तर दुसरीकडे विचारा.

निर्णयाआधी या गोष्टी हातात घेऊन जा: उभं राहून कमरेपासून घोट्यापर्यंत काढलेला लांब एक्स-रे, आखूड पायाखाली लाकडी ठोकळे ठेवून कंबर समपातळीत आल्यावर मोजलेली लांबी, पाय आत घेऊन काढलेला एक्स-रे, आणि जुन्या शस्त्रक्रियेचे कागद असतील ते. रक्ताच्या साध्या तपासण्यांत ईएसआर आणि सीआरपी (शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह आहे का ते यांवरून कळतं) करून घ्या. इतक्या वर्षांनी पू पुन्हा उसळणं दुर्मीळ आहे, तरी ते पाहूनच पुढे जातात. खर्चाचं विचारायला संकोच करू नका. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, तुमच्या मुलीचं काय त्यात बसतं ते त्यांच्याकडून लेखी घ्या. जिथे जाल तिथल्या शल्यविशारदांना विचारा की अशा खुब्यांवर ही दोन कापांची शस्त्रक्रिया ते नियमित करतात का, आणि जमल्यास त्यांच्याकडे ही चौकट वागवून गेलेल्या एखाद्या मुलीला तुमच्या मुलीने भेटावं. आईबापांच्या दहा प्रश्नांना मिळत नाही ते उत्तर त्या दोघी अर्ध्या तासात एकमेकींना देतात.

तोवर डाव्या बुटाखाली उंची लावून घ्या. पूर्ण 6 नको, चालताना अडखळेल. 3 ते 4 सेंटीमीटरपासून सुरुवात करा, त्यातली थोडी उंची बुटाच्या आत आणि बाकीची तळाला, हलक्या रबराची. चामड्याच्या जड बुटाने मुलगी पाय ओढते आणि आठवड्यात बूट कोपऱ्यात पडतो.